छप्पन्न गाळ्यांचा पूल: राजमहेंद्रीतले चार दिवस

पहिला दिवस

कोव्वूर स्टेशन मागे पडलं तसा मी दाराशी जाऊन उभा राहिलो. कोणार्क एक्सप्रेसचा वेग उतरला होता. केळीच्या बागा गेल्या, मग भराव चढत गेला आणि एका क्षणी डब्याचा आवाजच बदलला. खाली गोदावरी होती.

त्र्यंबकेश्वरला मी ही नदी कुशावर्तात पाहिली आहे. नाशिकला रामकुंडावर, पैठणला नाथसागराच्या भिंतीवरून, नांदेडला गुरुद्वाऱ्यामागच्या घाटावरून पाहिली आहे. तरीही इथलं पात्र बघताना माझी बोलतीच बंद झाली. सह्याद्रीत उगम पावून १,४६५ किलोमीटर चालत आलेली ही नदी समुद्राला मिळण्याआधी आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीपाशी अशी पसरते की समोरच्या काठावरची झाडं म्हणजे नुसती एक हिरवी रेघ दिसते. एक म्हातारी सीटवरून उठून खिडकीशी आली, कपाळाला लावून एक नाणं तिने नदीत टाकलं आणि पुन्हा जाऊन बसली.

आमची गाडी काँक्रीटच्या कमानींच्या पुलावरून चालली होती. प्रत्येक कमान धनुष्यासारखी डोक्यावरून जायची आणि तिच्या उभ्या दांड्यांमधून नदीचे तुकडे दिसायचे. माझं लक्ष मात्र पलीकडे होतं. कमानीच्या पुलाला समांतर, पाण्यात दगडी खांबांची एक लांबच लांब रांग उभी होती आणि त्यांवर काळपट पोलादी गर्डर. हाच हॅवलॉक पूल. १९०० ते १९९७ एवढा काळ मद्रास आणि कोलकाता यांच्यामधली धावपळ त्याने एकेरी मार्गावर पेलली. त्याच्यावरून गाडी जायची थांबून आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला आहे.

मी खांब मोजायला लागलो, पण कमानींचे दांडे मध्ये येत राहिले आणि तिशीच्या पुढे कुठेतरी हिशेब चुकला. तीनेक मिनिटांत गाडी गोदावरी स्टेशनातून पुढे निघून राजमहेंद्रीला आली. शहराचं अधिकृत नाव आता राजमहेंद्रवरम आहे. चालुक्य राजा राजराज नरेंद्र याची ही राजधानी. त्याच्याच दरबारात नन्नय्याने अकराव्या शतकात महाभारत तेलुगूत आणायला घेतलं.

संध्याकाळी घाटावर गेलो. प्रवासाचा शीण होता, म्हणून आरतीपर्यंत थांबलो नाही. पुलाची काळी रेघ अंधारात विरघळेपर्यंत पायरीवर बसलो आणि परतलो.

दुसरा दिवस

सकाळी सातला घाटावरून नाव ठरवली. नावाड्याला हिंदी बेताचंच येत होतं आणि मला तेलुगू अजिबात नाही. ‘पाता वंतेना’ म्हणजे जुना पूल, एवढे दोन शब्द मी रात्री लॉजवाल्याकडून पाठ करून आलो होतो. त्याने मान हलवली, इंजिन सुरू केलं, आणि पुलाजवळ येताच न सांगता बंद केलं. नाव आपोआप वाहत खांबांमधून गेली.

ट्रेनमधून हे खांब बारीक दिसतात. खालून पाहिल्यावर कळतं की एकेक खांब म्हणजे घडीव दगडांचा बुरूज आहे. पाण्याच्या रेषेपाशी शेवाळाचा पट्टा, त्याच्या वर जुन्या पुरांच्या फिकट खुणा. दगडांमधल्या सांध्यांवरून मी हात फिरवला. बांधकाम इतकं नेटकं की सांध्यात नखही जाईना.

या पुलाची गोष्ट दोन तारखांत मावते. ११ नोव्हेंबर १८९७ रोजी काम सुरू झालं आणि ३० ऑगस्ट १९०० रोजी पूल वाहतुकीला खुला झाला. तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत. गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, छप्पन्न, प्रत्येक गाळा दीडशे फुटांचा, म्हणजे ४५.७ मीटर. नुसत्या गाळ्यांची बेरीज केली तरी अडीच किलोमीटरच्या वर जाते. आजची यंत्रं, आजचं सिमेंट, आजच्या क्रेन यांतलं काही नसताना हे झालं आहे.

त्याआधी काय होतं ते समजून घेतलं की पुलाची निकड लक्षात येते. कटकपासून बेजवाड्यापर्यंत, म्हणजे आजच्या विजयवाड्यापर्यंत, पूर्व किनाऱ्याचा लोहमार्ग १८९३ ते १८९६ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. रूळ गोदावरीच्या दोन्ही काठांना येऊन टेकले, पण मध्ये नदी तशीच वाहत होती. या काठाला गाडीतून उतरायचं, सामानसुमान, पोरंबाळं घेऊन नदी पार करायची आणि त्या काठाला पुन्हा गाडीत चढायचं. डिसेंबरच्या शांत पाण्यात हे जमून जात असेल. श्रावण-भाद्रपदात मात्र इथलं पात्र समुद्र होतं.

पूल बांधणारे मुख्य अभियंता होते फ्रेडरिक थॉमस ग्रॅनव्हिल वॉल्टन. बनारसला गंगेवरचा डफरिन पूल, आताचा मालवीय पूल, त्यांच्याच देखरेखीखाली झाला आणि १८८७ मध्ये खुला झाला. म्हणजे गोदावरीवर येताना गंगेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पुलाला नाव मिळालं ते मात्र मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर सर आर्थर एलिबँक हॅवलॉक यांचं. हॅवलॉक म्हटलं की आपल्याला १८५७ च्या लढायांतला हेन्री हॅवलॉक आठवतो. त्याचा या पुलाशी काही संबंध नाही. माझं मत विचाराल तर गव्हर्नरचं नावही इथे उपरंच वाटतं. पूल वॉल्टन यांचा आहे, आणि त्यांच्याहून जास्त पाण्यात उतरलेल्या त्या मजुरांचा आहे, ज्यांची नावं कोणत्याही फलकावर नाहीत.

‘पाण्यात उतरलेल्या’ हे मी शब्दशः म्हणतो आहे. नदीवरच्या पुलाचं खरं बांधकाम पाण्याखाली, आणि तिथूनही खाली वाळूत असतं. गोदावरीचं बूड वाळूचं. पूर आला की ही वाळू खरवडली जाते, खांबाभोवती खड्डा पडतो, आणि पाया उथळ असेल तर खांब कलंडतो. यावर आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे विहिरीचा पाया. ताजमहालाच्या यमुनेकडच्या बाजूचा भार अशाच विहिरींवर आहे. रेल्वेच्या अभियंत्यांनी ही देशी युक्ती उचलली आणि लोखंडाची जोड देऊन मोठ्या नद्यांवर वापरली.

पद्धत सांगायला सोपी आहे. आधी लोखंडी धारेचं एक कडं बसवायचं. त्याच्यावर विटा-दगडांचं पोकळ, गोल बांधकाम रचत जायचं, अगदी विहिरीच्या कठड्यासारखं. आतली वाळू उपसत राहिलं की वरच्या भाराने कडं खाली रुततं. जेवढं रुतेल तेवढं वर बांधायचं, पुन्हा उपसायचं. शेतात विहीर खणताना आपण माती काढतो आणि मग आतून बांधून घेतो. इथे बांधलेली विहीरच जमिनीत उतरवायची असते. घट्ट थर लागला की बूड काँक्रीटने बुजवायचं, पोकळी भरून काढायची आणि वर खांब उभा करायचा.

करायला मात्र हे काम जिवावरचं. वाळूत एखादा मोठा दगड किंवा बुडालेलं झाडाचं खोड धारेखाली आलं की विहीर एका बाजूला कलते. मग जी बाजू वर राहिली तिथे जास्त उपसा, जास्त वजन, वेळ पडली तर पाणबुड्या खाली उतरून हाताने अडथळा काढणार. घाई केली तर विहीर एकदम खाली घसरते. आणि घाई करावीच लागते, कारण पावसाळ्यापूर्वी अर्धवट रुतलेली विहीर पुराच्या तोंडी सापडली तर वर्षाची मेहनत वाहून जाते. कामाचे महिने दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत, आणि तेवढ्यात पंचावन्न खांब. प्रत्येक गाळा सारख्याच मापाचा ठेवण्याचा फायदा इथे कळतो. एका गाळ्याला जे साचे, जी हत्यारं, जी माणसं, तीच पुढच्या गाळ्याला उपयोगी पडतात आणि हात बसत जातो.

या कामाचा शेवटचा हंगाम म्हणजे १८९९-१९००. पश्चिम आणि मध्य भारतात तेव्हा छप्पन्नचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, दुष्काळ पडला होता. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. वर्धा, वैनगंगा यांचं पाणी प्राणहितेतून याच नदीत येतं. वऱ्हाड-नागपुराकडे माणसं अन्नाला मोताद होती त्याच महिन्यांत खाली इथे हे दगड एकावर एक चढत होते. एका खांबाला हात लावून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. नावाड्याने विडी पेटवली, काही विचारलं नाही.

दुपारी दामेर्ला रामाराव यांच्या चित्रांचं संग्रहालय पाहिलं. या गुणी चित्रकाराचा जन्म राजमहेंद्रीतला, १८९७ चा, म्हणजे पुलाचं काम सुरू झालं त्याच वर्षीचा. देवीच्या आजाराने १९२५ मध्ये तो गेला. अठ्ठाविशीही पुरी झाली नव्हती. चित्रांसमोर मी जास्त वेळ द्यायला हवा होता, पण डोळ्यांपुढून खांब हलत नव्हते.

तिसरा दिवस

कोव्वूरला रिक्षाने गेलो, दुसऱ्या पुलावरून. हा दुमजली पूल १९७४ मध्ये सुरू झाला. वर रस्ता आणि खाली पोलादी जाळीतून रेल्वे. मार्ग दुहेरी करायचा तर हॅवलॉक पुलाची एकेरी वाट पुरणार नव्हती, म्हणून हा बांधला. त्याचे बहुतेक गाळे ९१.५ मीटरचे आहेत, जुन्या गाळ्यांच्या बरोबर दुप्पट. रिक्षा मधोमध असताना खालून मालगाडी गेली आणि रस्त्यासकट आम्ही थरथरलो. रिक्षावाला शांतपणे शिट्टी वाजवत होता.

तिसरा, म्हणजे मी आलो तो कमानीचा पूल, १९९१ ते १९९७ या काळात झाला. पूर्वप्रतिबलित, म्हणजे आतल्या पोलादी तारा ताणून मजबूत केलेल्या काँक्रीटच्या अठ्ठावीस कमानी, प्रत्येकी ९७.५५ मीटरची. तो तयार झाला तेव्हा हॅवलॉक पुलाची सुट्टी झाली. तीन पुलांत पाऊणशे आणि पंचवीस अशी जवळपास शंभर वर्षांची अंतरं, आणि प्रत्येक वेळी पाण्यातले खांब कमी होत गेले. १९०० मध्ये छप्पन्न गाळे, १९९७ मध्ये अठ्ठावीस. निम्मे. विहीर बुडवणं हेच सगळ्यात अवघड काम असल्याने ते जितकं टाळता येईल तितकं टाळायचं, हे अभियंत्यांचं शहाणपण या आकड्यांत उघड दिसतं.

कोव्वूरच्या गोष्पाद घाटावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. अंगात पांढरा शर्ट, पायात रबरी चपला. मी पुलाचे फोटो काढतोय हे पाहून जवळ आले आणि चांगल्या हिंदीत म्हणाले, “त्या पुलावर मी की-मॅन होतो.” मी त्यांना काका म्हणालो, ते मला ‘बेटा’ म्हणाले, आणि पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही.

की-मॅन म्हणजे रोज आपल्या वाट्याच्या रुळांवरून चालत जाऊन प्रत्येक चावी, प्रत्येक बोल्ट तपासणारा माणूस. जमिनीवरच्या मार्गावर रुळांखाली खडी असते. गर्डरच्या पुलावर खडी नसते. लाकडी स्लीपर थेट गर्डरवर, हुक बोल्टने आवळलेले. दोन स्लीपरच्या फटीतून खाली पाणी दिसतं. “पहिल्या महिन्यात खाली बघितलं की पोटात गोळा यायचा,” काका म्हणाले. “मग मुकादमाने सांगितलं, पाण्याकडे बघू नको, पान्याकडे बघ. तेव्हापासून नजर हातातल्या पान्यावर.” पुलावर चालत असताना गाडी आली तर बाजूला उभं राहायला ठरावीक अंतरावर छोटे सज्जे असतात. तिथे कठड्याला पाठ लावून उभं राहायचं. गाडी जाईपर्यंत अख्खा गाळा अंगात वाजतो, असं त्यांनी छातीवर तळवा ठेवून दाखवलं.

उन्हाळ्याचं मी विचारलं, तर त्यांचे डोळे चमकले. पोलाद तापलं की लांबतं. दीडशे फुटी गर्डरमध्ये तापमान ३० अंशांनी चढलं तर दीड सेंटिमीटरच्या वर वाढ होते. छप्पन्न गाळ्यांची मिळून वाढ नव्वद सेंटिमीटरच्या घरात जाते. म्हणून अशा गर्डरचं एक टोक खांबावर पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवतात. सरकणाऱ्या टोकाखाली घाण साचली, ग्रीस सुकलं, तर गर्डर अडतो आणि दगडाला ढकलू लागतो. “वैशाखात दुपारी बेअरिंग सरकताना कुरकुरतं. आम्ही कान लावून ऐकायचो,” ते म्हणाले. “कोणता गाळा तक्रार करतोय ते आवाजावरून सांगता यायचं.”

मग बोलणं पुरावर आलं. ऑगस्ट १९८६ मध्ये गोदावरीला जो पूर आला तसा इथे कोणीच पाहिला नव्हता. वर भद्राचलमला तिसरा धोक्याचा इशारा ५३ फुटांवर देतात, त्या वेळी पाणी ७५ फुटांच्या पुढे गेलं. खाली धवळेश्वरमला सुमारे ३५ लाख क्युसेक पाणी वाहिलं. काका रात्री कंदील घेऊन पुलाच्या तोंडाशी पहाऱ्यावर होते. वरून झाडं, छपरं, मेलेली जनावरं येत होती. एखादं अख्खं झाड खांबावर आदळलं की धक्का काठापर्यंत जाणवायचा. “घाबरलात का?” मी विचारलं. त्यांनी पुलाकडे पाहिलं. “माझ्यासाठी घाबरलो. त्याच्यासाठी नाही.”

या पुलाला पादचारी मार्ग आणि पर्यटनस्थळ करायच्या गोष्टी पुष्कळ वर्षं चालल्या आहेत. २०२५ मध्ये अखंड गोदावरी या योजनेत त्याचा समावेश होऊन पायाभरणीही झाली. काकांना त्याबद्दल काय वाटतं विचारलं. दिवे लावा, दुकानं लावा, काही हरकत नाही, पण वर्षाला एकदा रंग द्या, असं ते म्हणाले. पोलादाला रंग म्हणजे माणसाला जेवण. निघताना त्यांनी आत्रेयपुरमच्या पूतरेकुलूची पुडी हातात दिली. तांदळाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यात साखर आणि तूप. जिभेवर ठेवताच विरघळली.

चौथा दिवस

आज धवळेश्वरम. शहरापासून थोडं खाली, जिथे गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा अशी फुटून समुद्राकडे जाते, त्याच्या तोंडाशी सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. तेव्हाचा बंधारा जाऊन तिथे आता नवं बॅरेज आहे, त्याला नाव कॉटन यांचंच. १८३३ च्या दुष्काळाने उजाड झालेला हा प्रदेश बंधाऱ्याच्या कालव्यांनी भाताचं कोठार झाला. पश्चिम काठच्या गावागावांत घोड्यावर बसलेल्या कॉटनचे पुतळे आहेत. गोदास्नानाच्या संकल्पात पुरोहित त्यांचं स्मरण करतात. इथे त्यांना अपर भगीरथ म्हणतात, आणि म्हणताना लोक नाव आदराने घेतात, हे मी कानांनी ऐकलं.

पुलाच्या गोष्टीत हा बंधारा दोन कारणांनी येतो. पहिलं साधं आहे. बंधाऱ्याने पाणी तुंबतं, म्हणून राजमहेंद्रीपाशी पात्र हिवाळ्यातही भरलेलं राहतं. वॉल्टन यांना विहिरी कोरड्या वाळूत बुडवायच्या नव्हत्या, साचलेल्या पाण्यात बुडवायच्या होत्या. कॉटन यांनी अडवलेल्या पाण्यात वॉल्टन यांचे खांब उभे आहेत.

दुसरं कारण मला धवळेश्वरमच्या संग्रहालयातल्या जुन्या नकाशांसमोर उभं असताना जास्त जाणवलं. कॉटन हयातभर रेल्वेच्या विरोधात होते. या देशाला रुळांआधी कालवे हवेत असं ते हिरिरीने मांडत. कालवा शेताला पाणी देतो आणि त्यावरून मालही स्वस्तात जातो, रूळ पाणी देत नाहीत. त्यांच्या कालव्यांवरून खरोखरच नावा चालत. इथल्या पश्चिम काठापासून एलुरूमार्गे बेजवाड्यापर्यंत पाण्यावरून जाता येई. आणि त्यांच्याच तलावात, त्यांच्या बंधाऱ्यापासून काही किलोमीटरवर, रेल्वेचा पूल उभा राहिला. कॉटन २४ जुलै १८९९ रोजी इंग्लंडमध्ये वारले, वयाच्या ९७ व्या वर्षात. पूल अर्ध्याहून जास्त झाला असणार. पहिली गाडी गेली ती पुढच्या वर्षी.

कोण बरोबर होतं? मी दोन दिवस पुलाच्या प्रेमात असूनही सांगतो, शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कॉटन बरोबर होते. दुष्काळात रेल्वे धान्य आणू शकते, पिकवू शकत नाही. आणि १९०० मध्ये, ज्या वर्षी कोलाघाटला रूपनारायण नदीवरचाही पूल खुला झाला आणि मद्रास-कोलकाता हा किनाऱ्याचा मार्ग सलग होत आला, त्याच वर्षी दख्खन उपाशी होतं. पण म्हणून खांबांवरून हात काढून घ्यावा असं मला वाटत नाही.

संध्याकाळच्या गाडीत मी मुद्दाम जुन्या पुलाच्या बाजूची जागा धरली. सूर्य कोव्वूरच्या बाजूला कलला होता. गाडी कमानीत शिरली आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, या वेळी खांब नाही, गाळे. समोरच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, काका काय मोजताय? मी बोट दाखवलं. तीही मोजू लागली, तेलुगूत. मी एकोणचाळीस म्हणालो तेव्हा तीही तेवढ्यावरच असावी, कारण आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. मग पलीकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा झाला, तिने कानांवर हात ठेवले, आणि खाली नदीवर छप्पन्न गाळ्यांची सावली लांबत लांबत पूर्वेच्या काठाकडे गेली होती.